झेड-कट क्वार्ट्झवर सेकंड हार्मोनिकच्या सहाऐवजी चारच पाकळ्या

खानापूर_स्फटिक
बेळगावात एमएस्सी प्रोजेक्टसाठी सेटअप लावलाय. १०६४ नॅनोमीटरचा क्यू-स्विच्ड (स्पंदांनी चालणारा) एनडी-याग लेझर, १० हर्ट्झ. पुढे पोलरायझर, हाफ-वेव्ह प्लेट (पोलरायझेशनची दिशा फिरवणारी), लेन्स, १ मिमी जाडीची झेड-कट (झेड अक्षाला काटकोनात कापलेली) क्वार्ट्झ चकती, फिल्टर, अॅनालायझर, ५३२ वर लावलेला मोनोक्रोमेटर (एकच तरंगलांबी निवडणारा) आणि पीएमटी (मंद प्रकाश मोजणारा डिटेक्टर). अॅनालायझर जागेवरच आहे, हाफ-वेव्ह प्लेट ५-५ अंशांनी फिरवतो. ५३२ म्हणजे सेकंड हार्मोनिक, लेझरच्या अर्ध्या तरंगलांबीचा हिरवा प्रकाश. कोनानुसार त्याच्या तीव्रतेचा गोल आलेख काढला की पुस्तकात सहा पाकळ्या दाखवतात. इथं प्लेटच्या अर्ध्या फेरीत चार येतात, त्याही लहानमोठ्या. चकती खराब की जोडणी चुकली? पुढं ग्लायसिन लावायचंय, सांगा की कुणीतरी.

उद्यमबाग_ऑप्टिक्स
चकतीला दोष देऊ नका, चारच यायला हव्यात. क्वार्ट्झचा पॉइंट ग्रुप (स्फटिकाच्या सममितीचा वर्ग) ३२. झेड अक्षाच्या दिशेनं प्रकाश टाकला तर फक्त डी-११ (सेकंड हार्मोनिक किती होईल ते ठरवणारा एक गुणांक) कामाला येतो. आत येणारं पोलरायझेशन थीटा कोनात असेल, तर सेकंड हार्मोनिकचं उलट दिशेनं दुप्पट कोनात फिरतं. स्थिर अॅनालायझरमागे म्हणून २थीटाच्या कोसाइनचा वर्ग मिळतो, म्हणजे चार पाकळ्या. अॅनालायझर काढलात तर नुसतं वर्तुळ. सहा पाकळ्या हव्या असतील तर अॅनालायझर पोलरायझेशनला समांतर ठेवून सोबत फिरवा, मग ३थीटा येईल. प्लेट १० अंश फिरली की पोलरायझेशन २० अंश फिरतं, तेव्हा अॅनालायझर २० फिरवायचा. आलेख प्लेटच्या कोनावर काढू नका, नाहीतर पूर्ण फेरीत आठ मोजाल आणि नवा पॉइंट ग्रुप शोधल्याचा आनंद होईल.

सोपा मार्ग म्हणजे बाकी सगळं स्थिर ठेवून चकतीच फिरवायची. त्यासाठीचा होल्डर उद्यमबागेत कुठल्याही लेथवर करून मिळेल, फक्त भोक आणि बेअरिंगची बैठक एकाच सेटिंगमध्ये काढायला सांगा.

निपाणी_लेझर
लहानमोठ्या पाकळ्यांचं बघू. समोरासमोरच्या, म्हणजे १८० अंशांवरच्या जोड्या सारख्या आहेत का? चकती फिरवताना त्या असमान आल्या, तर किरण फिरण्याच्या मध्यावर नाही. १०६४ ला क्वार्ट्झची कोहरन्स लेंग्थ (जितक्या जाडीपर्यंत सेकंड हार्मोनिक वाढत जातं ती) साधारण २० मायक्रोमीटर. जाडीत तेवढा फरक पडला तरी सिग्नल कमालीवरून किमानावर येतो, मग पाचर-जाडीच्या चकतीवर बिंदू गोल सरकला की झालंच.

जोड्या सारख्या पण एका दिशेच्या मोठ्या असतील, तर मोनोक्रोमेटरकडे बघा. त्यातली ग्रेटिंग दोन पोलरायझेशनना सारखा प्रतिसाद देत नाही. अॅनालायझर फिरवलात की हा दोष हमखास दिसणार. त्याच्यानंतर डीपोलरायझर लावा, किंवा ग्रेटिंग काढून ५३२ चा १० नॅनोमीटर बँडपास फिल्टर वापरा.

किमान शून्यावर येत नसेल तर १ मिमी जाडीच नडते. क्वार्ट्झ पोलरायझेशन फिरवतो, सोडियमच्या ५८९ ला मिमीला २१.७ अंश, ५३२ ला त्याहून जास्त. पाकळ्यांची दिशाही त्यामुळे सरकते.

आणखी एक: तुमची हाफ-वेव्ह प्लेट स्फटिक क्वार्ट्झची असेल तर तीच ५३२ तयार करते. लेन्सनंतर, नमुन्याच्या अगदी आधी आरजी-८५० काच (१०६४ जाऊ देणारी, ५३२ अडवणारी) लावा. मग नमुना काढून बघा, पीएमटी गप्प बसायला हवा.

खानापूर_स्फटिक
आरजी-८५० लावल्यावर नमुन्याशिवाय शून्य. चकती फिरवली, सहा आल्या, जोड्याही सारख्या. धन्यवाद सर. आता ग्लायसिन: एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) निव्वळ अल्फा हे स्फटिकरूप आहे, तरी पावडर थोडा हिरवा सिग्नल देते. अल्फाला तर इन्व्हर्शन सेंटर (ज्यातून उलटवलं तरी रचना तीच राहते ते केंद्र) आहे ना?

चिकोडी_क्रिस्टल
आहे. अल्फाचा स्पेस ग्रुप पी२१/एन, त्यामुळे डायपोल पातळीवर सेकंड हार्मोनिक शून्य. पण गॅमा या दुसऱ्या रूपाला ते केंद्र नाही, आणि एक्सआरडीत शिखर न दिसण्याइतका गॅमा सेकंड हार्मोनिकला पुरतो. द्रावणात मीठ किंवा आम्ल गेलं होतं का बघा, गॅमा तसाच वाढवतात. आधी तो सिग्नल खरा ५३२ चाच आहे का ते तपासा. मोनोक्रोमेटर ५२० आणि ५४५ वर नेला की तो नाहीसा व्हायला हवा. राहिला तर ती टू-फोटॉन फ्लुरोसन्स (दोन फोटॉन शोषून नमुन्यानं सोडलेला प्रकाश). लेझरच्या तीव्रतेवर काढलेल्या सिग्नलच्या लॉग-लॉग आलेखाचा उतार दोन्हीत २ येतो, त्यावर विसंबू नका. उतार २ पेक्षा कमी आला तर पीएमटी संपृक्त होतोय, न्यूट्रल फिल्टर घाला.

तुलनेला केडीपी (पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट) १०० ते १५० मायक्रोमीटरच्या चाळणीतलाच घ्या, कारण कणाचा आकार बदलला की सिग्नल बदलतो. तो सिलिका जेलसोबत डेसिकेटरमध्ये ठेवा. जुलैत खानापूरकडच्या हवेत बाहेर राहिला तर ओल धरतो.

गॅमाचा मोठा स्फटिक मिळाला तर सी-फेसवर हाच सहा पाकळ्यांचा प्रयोग करा. त्याचा पॉइंट ग्रुप ३, म्हणून डी-११ आणि डी-२२ दोन्ही असतात आणि पाकळ्या स्फटिकाच्या कडेशी कुठल्याही कोनात बसू शकतात. ३२ मध्ये त्या दोन-पदरी अक्षावरच बसतात, ३एम मध्ये आरशाच्या प्रतलात. त्यामुळे फिरवायच्या आधी कडेचा कोन एक्सआरडीवरून नोंदवा, नंतर तो सापडत नाही.

आणि उलट बाजूही लक्षात असू द्या, सिग्नल शून्य म्हणजे केंद्र आहेच असं नाही. गॅलियम आर्सेनाइडला ते केंद्र नाही, तरी (००१) फेसवर सरळ किरण टाकला तर आतल्या भागाचं सेकंड हार्मोनिक शून्यच. (१११) वर टाका, सहा पाकळ्या लगेच येतील.