'एम्बॅरस्ड' आणि 'अशेम्ड': दोन्हीकडे 'लाज'च का?

तळटीप: भाषांतरात एक वाक्य अडलंय: 'ही वॉज एम्बॅरस्ड, बट नॉट अशेम्ड.' मेजवानीला सगळे सुटाबुटात आलेत आणि हा एकटाच कोपरावर ठिगळ लावलेल्या कोटात. 'तो लाजला, पण त्याला लाज वाटली नाही' असं केलं तर वाक्यच कोसळतं. संपादक 'खजील झाला' म्हणतात. पण खजील होण्यात चूक उघडी पडल्याची छटा आहे, आणि ठिगळ ही काही चूक नव्हे. काय वापरावं?

रानजाई: आधी इंग्रजीतली जोडी सोडवून घ्या. त्या खोलीतून बघणारे काढून टाका. एम्बॅरसमेंट बहुतेक ओसरते. 'अशेम्ड' माणसाची मात्र एकांतातही सुटका नाही, कारण निवाडा त्याचा स्वतःचाच असतो. शब्दयोजनाही तेच सांगते. 'अशेम्ड'पुढे मुख्यतः 'ऑफ' येतं, म्हणजे कशाची तरी लाज. 'एम्बॅरस्ड'पुढे 'बाय', 'अबाउट' आणि 'फॉर'. यातलं 'फॉर' भाषांतरात हमखास निसटतं. 'आय वॉज एम्बॅरस्ड फॉर हिम' म्हणजे फजिती त्याची, मेल्याहून मेल्यासारखं मला. 'त्याच्यामुळे मला लाज वाटली' असं केलं की अर्थ फिरतो, आणि त्याने माझी मान खाली घातली असं होतं.

मोडीवाचक: मूळ वाक्याला 'अवघडला' हाच शब्द. 'एम्बॅरस' इंग्रजीत फ्रेंचमधून आला, त्यामागे स्पॅनिश 'एम्बारासार'. मूळ अर्थ अडथळा आणणे, अडकवणे. लाजेचा अर्थ इंग्रजीत नंतर चिकटला. म्हणून जुन्या पुस्तकात 'फायनान्शियली एम्बॅरस्ड' दिसलं तर तिथे कुणी लाजलेलं नाही, पैशाची अडचण आहे. आणि स्पॅनिशमध्ये 'एम्बारासादा' म्हणजे गर्भवती! आपणही दिवस भरत आलेल्या बाईला 'अवघडलेली' म्हणतो. दोन भाषा एकमेकींपासून इतक्या दूरच्या असताना अडचण, गर्भारपण आणि चारचौघांतला संकोच हे तिन्ही अर्थ एकाच शब्दात यावेत, याहून चांगला पुरावा काय हवा?

तळटीप: मोडीवाचक, व्युत्पत्ती सुरेख आहे, पण वाचक व्युत्पत्ती वाचत नाही. 'अवघडला' लिहिलं तर तो नुसता ताठून बसलेला दिसतो. कानशिलं तापलेली दिसत नाहीत. शिवाय 'अवघडणे' इथे खर्च केलं तर 'ऑकवर्ड'ला काय ठेवू? पुढच्याच पानावर तो शब्द आहे.

चिंचपाणी: खजील अरबी, फजिती अरबी, शरम फारसी. ओशाळणे आणि वरमणे घरात असताना हे उसने शब्द कशाला?

रानजाई: चिंचपाणी, ते आता उसने राहिलेले नाहीत; खेड्यातली आजीसुद्धा 'फजिती झाली' म्हणते. आणि तुमचे दोन्ही शब्द इथे चुकतील. वरमायला आधी ताठा किंवा आवेश लागतो. कुणीतरी खोडून काढलं की माणूस वरमतो. ते 'अबॅश्ड'च्या जवळचं. ओशाळायला काहीतरी उघडकीला यावं लागतं. 'शीपिश' तिथे बसतो, पण किरकोळ गोष्टीपुरताच. डबा चोरून खाताना सापडलेला शीपिश असेल, पैसे खाताना सापडलेला नव्हे. 'मॉर्टिफाइड'ला मात्र आपल्याकडे तयार जोड आहे. त्याच्या लॅटिन मुळात मृत्यू आहे आणि आपल्या 'मेल्याहून मेल्यासारखं'मध्येही. 'ह्युमिलिएटेड' या शिडीवर ठेवूच नका. तिथे दुसऱ्याने केलेला अपमान लागतो. नुसतं ठिगळ पुरत नाही.

मोडीवाचक: एक धोक्याची जागा. 'डिस्कम्फिटेड' आणि 'डिस्कम्फर्ट' सारखे दिसतात, मुळं वेगळी. पहिल्याचा जुना अर्थ रणात पराभव. आज इंग्रज स्वतःच दोन्ही मिसळतात, म्हणून मजकूर कोणत्या काळातला हे पाहूनच 'पाडाव झाला' की 'अस्वस्थ झाला' ते ठरवा.

चिंचपाणी: वापराने सगळंच शुद्ध होतं म्हणता, मग 'क्रिंज झालं'सुद्धा चालवायचं का? मुलं सर्रास लिहितात.

रानजाई: बोलण्यात चालू द्या. इंग्रजीत ते मुळात शरीराचं क्रियापद आहे, अंग चोरून घेणं. मुलांनी त्याचं विशेषण केलं, तसं इंग्रजीतही झालंय.

मोडीवाचक: पण त्याला 'कसंनुसं झालं' आहे की! दुसऱ्याचं बेसूर गाणं ऐकताना जे होतं ते तंतोतंत.

चिंचपाणी: कसंनुसं पोटातही होतं, मळमळताना. आणि 'कसनुसं हसला' म्हणजे तर तुमचा शीपिश. एका शब्दावर किती ओझी लादणार?

तळटीप: 'कसनुसं हसला' शीपिशला घेते. ठिगळाच्या कोटाला सध्या 'संकोचला, पण त्याला त्याची लाज नव्हती' असं ठेवलंय. 'संकोचला' फार सौम्य वाटतंय.

रानजाई: 'कानकोंडा झाला' करून पाहिलंत का?

चिंचपाणी: कानकोंडा माणूस मेजवानीला थांबत नाही, तोंड चुकवून निघून जातो. हा थांबलाय ना?