हक्कसोडीवर सही करावी का?

केजची लेक:
माझं लग्न 1991 चं, वडील 2003 ला गेले. केज तालुक्यात सात एकर, आजोबांपासून चालत आलेली. सातबाऱ्यावर मालक म्हणून दोघं भाऊ वर, आई आणि मी खालच्या 'इतर हक्कात'. वाटणी कागदावर कधी झालीच नाही. आता पीककर्जाला बँक माझीबी सही मागते, म्हणून थोरला म्हणतो, एकदाची हक्कसोड करून टाक. गावात सांगतात, तुझं लग्न 1994 च्या आधीचं, बाप 2005 च्या आधी गेला, तुला काहीच नाही. काहीच नाही, तर मग सही कशाला मागतात?

निवृत्त तलाठी, अंबाजोगाई:
ताई, नेमकं विचारलंत. महाराष्ट्रानं 1994 ला लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळलं. हिंदू वारसा कायद्याला केंद्रानं केलेल्या दुरुस्तीत, म्हणजे 9 सप्टेंबर 2005 पासून, ती अट नाही. बाप त्या दिवशी हयात पाहिजे, हा घोळ सुप्रीम कोर्टानं 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात मिटवला. हक्क जन्मानं. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रजिस्टर वाटणी झाली असती तर गोष्ट वेगळी. शिवाय बापाच्या वाट्यात वारस म्हणून लेक 1956 पासूनच आहे. 'इतर हक्कात' ढकलायची खोड आमचीच. मीही कितीतरी नावं तशी चढवली. पण त्यानं हिस्सा कमी होत नाही.

पाटोदेकर:
आमच्या बहिणीच्या लग्नात दोन एकर गहाण पडली. तो हिशेब कोण धरणार?

निवृत्त तलाठी, अंबाजोगाई:
हुंडा 1961 पासून गुन्हा आहे, पाटोदेकर. त्याची वजावट कुठल्या रकान्यात लिहू?

परळीची:
मी दिली सही. दुय्यम निबंधकाकडं फोटो, अंगठा, झालं. भावजयीनं इरकल नेसवली. माहेर तुटू नये म्हणून केलं होतं बाई. त्या सालापासून पंचमीला माहेरी न्यायला मुराळी आला नाही.

केजची लेक:
काल भावाला फोन केला. कर्जापुरती संमती देते म्हणलं, तीपण कागद वाचून. हक्कसोड नाही. तो गप्पच. मग आईनं फोन घेतला आन् विचारलं, तिकडं पाऊस हाय का.