गावच्या सांडपाण्यासाठी शोषखड्डे घ्यावेत की प्रक्रिया केंद्र?

प्रश्न – ग्रामपंचायत सदस्य, पुरंदर तालुका

नमस्कार. आमच्या गावाची लोकसंख्या सुमारे १,२०० आहे. घरोघरी नळ आल्याने पाण्यासाठीची पायपीट संपली. परंतु मोरीचे पाणी आता उघड्या गटाराने ओढ्यात जाते आणि ओढ्यापासून जेमतेम पन्नास फुटांवर गावाची जुनी विहीर आहे. माणशी ५५ लिटर पुरवठा आणि त्याचे ८० टक्के सांडपाणी धरल्यास रोजचे ५२,८०० लिटर होतात. एका ठेकेदाराने ब्लोअरवर (पाण्यात हवा सोडणाऱ्या विजेच्या यंत्रावर) चालणारे प्रक्रिया केंद्र सुचवले आहे, तर काही ग्रामस्थांचा आग्रह घरोघरी शोषखड्डे, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणारे खड्डे, घेण्याचा आहे. वरची आळी मुरमाड जमिनीवर आहे. ओढ्याकाठच्या आळीत काळी माती असून तेथे सुमारे ४५० लोक राहतात. ग्रामसभेपुढे नेमके काय मांडावे?

उत्तर – निवृत्त पाणीपुरवठा अभियंता, पुणे

दोन्ही आळ्यांना एकच उपाय लावू नये. वरच्या आळीत शोषखड्डे उत्तम चालतील, मात्र आधी जमिनीची परीक्षा घ्यावी. खड्डा खणून त्यात रात्रभर पाणी मुरू द्यावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून पातळी किती वेळात उतरते ते पाहावे. एक इंच उतरायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागला, तर तेथे शोषखड्ड्याचा आग्रह सोडावा. ही परीक्षा पावसाळ्यात घेतलेली बरी, कारण भूजल वर आलेले असताना जी जमीन पाणी घेते, ती वर्षभर घेते. मराठवाड्यातील नांदेड जिल्ह्यात रुळलेला ‘जादुई खड्डा’ जरूर पाहावा: चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्ड्याच्या मध्यभागी वरच्या बाजूला भोके असलेली सिमेंटची टाकी ठेवतात आणि सभोवती दगड भरतात. गाळ टाकीतच बसत असल्याने तो अधूनमधून काढता येतो आणि दगडांमधील वाट लवकर बुजत नाही.

काळ्या मातीत पाणी मुरत नाही, पण तीच माती नीट दाबून घेतली तर पाणी धरून ठेवते, म्हणून खालच्या आळीसाठी स्थिरीकरण तळे, म्हणजे सांडपाणी काही दिवस थांबवून नैसर्गिकरीत्या शुद्ध होऊ देणारे उथळ तळे, सोयीचे ठरेल. तेथील सुमारे २०,००० लिटर पाणी दहा दिवस थांबवायचे म्हटले, तर एक मीटर खोलीला २०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास दोन गुंठे पाणपसारा लागतो. बांध आणि वाट धरून चार गुंठे ठेवावेत. तळे कोरडे पडू देऊ नये, अन्यथा तळाला भेगा पडतात.

उत्तर – माजी सरपंच, शिरूर तालुका

आम्ही यंत्राचे केंद्र बसवले होते. पहिले वर्ष पाणी स्वच्छ येत असे. पुढे वीजबिल थकले, ब्लोअर बिघडला तेव्हा दुरुस्तीला माणूस मिळेना, आणि आज टाकीत पाऊसपाणी साचले आहे. ठेकेदाराला बांधणीचा खर्च विचारण्याआधी दरमहाचा चालवण्याचा खर्च विचारा आणि तो घरपट्टीतून पेलेल का, याचा हिशेब ग्रामसभेत उघडपणे मांडा. ही कळकळीची विनंती आहे.

उत्तर – निवृत्त पाणीपुरवठा अभियंता, पुणे

एक गोष्ट विचारायची राहिली. शौचालयाच्या सेप्टिक टाक्यांचे पाणी गटारात सोडले आहे का?

प्रश्नकर्ता

होय, ओढ्याकाठच्या काही घरांनी सोडले आहे.

उत्तर – निवृत्त पाणीपुरवठा अभियंता, पुणे

मग क्रम बदलतो. सर्वप्रथम त्या जोडण्या तोडून तेथील शौचालये बंदिस्त व्यवस्थेवर घ्यावी लागतील. आपल्याकडच्या बेसाल्टमधील (काळ्या कातळातील) भेगांतून दूषित पाणी फारसे गाळले न जाता दूर पोहोचते, त्यामुळे विहिरीच्या बाजूला मैलापाणी मुरवणे धोक्याचे आहे. जेथे जोडणी तोडणे शक्यच नाही, तेथील पाणी आधी गाळ बसवणाऱ्या टाकीत आणि मग कर्दळ लावलेल्या खडीच्या वाफ्यातून न्यावे. या वाफ्याला वीज लागत नाही. बाहेर येणारे पाणी झाडांना किंवा चाऱ्याला द्यावे, कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीला कधीही देऊ नये.

निधीबाबत सांगायचे, तर स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावांना सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांचा निकष ठरला होता. आपल्या गावासाठी ते ३,३६,००० रुपये होतात आणि त्यातील ३० टक्के वाटा पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून घालायचा असे. आजचा निकष पंचायत समितीत विचारून घ्यावा.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. या रविवारी वरच्या आळीत तीन ठिकाणी चाचणीचे खड्डे खणतो आणि सेप्टिक टाक्यांची घरनिहाय यादी करतो. पाणी उतरण्याची वेळ येथेच कळवीन.