दशावतार दोन तासांत उरका म्हणणाऱ्यांसाठी

माडाखाली:
दोन दिवस एक पोस्ट फिरते आहे. म्हणणं असं की सिंधुदुर्गातल्या जत्रांत रात्रभर चालणारं दशावतार हे लोकनाट्य आता कुणाला झेपत नाही. आडदशावतार, म्हणजे मुख्य आख्यानाआधीचा भाग, गाळा, संध्याकाळी सातला सुरू करून नऊला संपवा, मग बघा तरुण पोरं कशी येतात. खाली ‘अगदी खरं’ म्हणणाऱ्यांची रीघ लागली आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

संध्याकाळी सातला जत्रेत काय चाललेलं असतं ते या माणसाने पाहिलं आहे का? ओटी भरणाऱ्या बायकांची रांग देवळाबाहेर गेलेली असते. खाजेवाले अजून माल मांडत असतात. पालखी बाहेर पडते ती रात्री उशिरा, देवळाभोवती फिरून ती जागेवर बसली की नाटकमंडळाच्या सामानाच्या पेटाऱ्याची पूजा, आणि मग नाईक, म्हणजे मंडळाचा गाणारा म्होरक्या, पायपेटीवर बसतो. पहाटे दहीहंडी फुटते, काला वाटला जातो, तेव्हा माणसं घरची वाट धरतात. नाटक या सगळ्याच्या मधोमध आहे. ते उचलून सातला ठेवलंत तर पालखीला कुठली वेळ देणार?

आणि आडदशावतार गाळायचा म्हणजे गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, भटजी आणि वेद चोरणारा शंखासुर गाळायचा. आख्यान या गावातलं आणि त्या गावातलं एकच असू शकेल, पण शंखासुर त्या त्या गावापुरता असतो. काळ्या वेशात तो आला आणि मालवणीत सुटला की पुढे गोधडीत झोपलेलं पोर उठून बसतं. अर्धवट राहिलेल्या रस्त्यापासून मानकऱ्यांच्या रुसव्यापर्यंत सगळं त्याच्या तोंडी येतं. पोरं कंटाळतात म्हणून तुम्ही कापायला निघालात ते नेमकं त्यांना हसवणारं.

लालबागचा चाकरमानी:
ती पोस्ट माझी नाही, पण तिची बाजू घेणार. तुम्ही गावात राहता, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपू शकता. आम्ही शनिवारी रात्री गाडीत बसतो, रविवारी जत्रा, सोमवारी कामावर. माझ्या मुलीने पहिला दशावतार मुंबईत, नाट्यगृहात पाहिला. आटोपशीर प्रयोग होता, आडदशावतार नव्हता. त्यात बाईची भूमिका करणारा स्त्रीपार्टी नट बघून ती इतकी खुळावली की पुढच्या वर्षी सावंतवाडीजवळच्या सोनुर्लीच्या जत्रेला स्वतःहून आली आणि पहाटेपर्यंत बसली. तो छोटा प्रयोग नसता तर ती आलीच नसती.

माडाखाली:
मुंबईत दोन तासांचा करा, अडीच तासांचा करा, कोण अडवतंय? मी जत्रेबद्दल बोलतोय. आणि दुपारपर्यंत झोपायचं म्हणाल तर गावात दुसऱ्या दिवशी गुरं कोण सोडतं, वाड्याला पाणी कोण लावतं?

देवळाशेजारी:
वेळेवरून भांडताय, पण भोंग्यांबद्दल कुणी बोलत नाही. आमचं घर देवळाला लागून आहे. सासूबाई आजारी होत्या त्या वर्षी कर्णा आमच्या ओसरीकडे तोंड करून बांधला होता. राक्षस आला की घराच्या काचा थरथरायच्या. मी कमिटीकडे गेले तर ‘देवाच्या कामात आडवी येते’ हे ऐकावं लागलं. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. वर्षातून फार तर 15 दिवस सूट मिळते, तीही बारापर्यंतच. मग रात्रभराचा दशावतार माइकवर चालतो कसा?

पखवाजवाल्याचा मुलगा:
प्रश्न बरोबर आहे. माझे वडील दशावतारी मंडळात पखवाज वाजवायचे. माइक नव्हता, पेट्रोमॅक्सच्या उजेडात नाटक व्हायचं आणि राजाचा शब्द देवळाच्या पायरीवर बसलेल्यालाही कळायचा. कारण माणसं गप्प बसायची. रंगमंचाला सामान तरी काय लागतं? एक बाकडं. तेच सिंहासन, तेच कैलास. आता कर्णे लावले म्हणून चहाच्या टपरीवर गप्पा मारणारे मोठ्याने बोलतात, म्हणून आवाज वाढवतात, म्हणून ते आणखी मोठ्याने बोलतात. माइक काढा. कायद्याची कटकट संपते आणि ताईंच्या घरचे झोपतात.

पेटारा:
मी मंडळात काम करतो, तेव्हा जरा ऐका. माइक काढा म्हणणं सोपं आहे. कार्तिकात पेटारा बाहेर पडतो तो पाऊस जवळ आला की घरी येतो. भर हंगामात जवळजवळ रोज नाईट, म्हणजे रात्रीचा प्रयोग. आज या तालुक्यात, उद्या त्या. हातातल्या आरशात बघून स्वतःचा रंग स्वतः लावायचा, संहिता लिहिलेली नसते, आख्यान ऐनवेळी ठरतं, आणि मग पहाटेपर्यंत ओरडायचं. आमच्यातल्या एकाचा आवाज असाच गेला. डॉक्टरांनी गप्प बसायला सांगितलं. पण गप्प बसला तर नाईट बंद, आणि नाईट बंद तर घरात काय? जुन्या काळाच्या गोष्टी सांगताना वडिलांच्या मंडळातल्या किती जणांचे गळे बसले तेही सांगा.

पखवाजवाल्याचा मुलगा:
माझ्या वडिलांचं नाव काढायचं काम नाही. त्यांच्या वेळी गळा तयार करून घेत. आता ट्रिकसीन म्हणजे चमत्काराची दृश्यं, धूर, रंगीत दिवे यांवर पैसा जातो आणि नट तालमीशिवाय उभा राहतो. आवाज का टिकणार?

पेटारा:
ट्रिकसीन आम्हाला हौस म्हणून नाही. नाटक ठरवायला येतात तेव्हा पहिला प्रश्नच ‘ट्रिकसीन आहे का?’ नाही म्हटलं की पुढच्या मंडळाकडे जातात. तालमीला वेळ द्या, त्याचे पैसे द्या, मग बोला.

व्हाळापलीकडे:
दोघांनी भांडान काय होतला? माइक र्‍हवांदे, कर्णो कित्याक व्हयो? मांडवात दोन बारके स्पीकर लावा, तोंड माणसांकडे. आमच्या गावात तसाच करतंत.

देवळाशेजारी:
हे चालेल. मी नाटक बंद करा म्हणत नव्हतेच, पण ते कुणी वाचलं नाही. मीही लहानपणी तिथेच गोधडीत झोपलेय. मात्र कायद्याचं काय? छोटा स्पीकर झाला तरी उघड्या मांडवात बारानंतर तो नियमातच अडकतो.

माडाखाली:
अडकतो, मान्य. म्हणूनच नियमाकडे बघायला हवं. ते 15 दिवस बहुतेक गणपती, नवरात्र, एकतीस डिसेंबर यांतच जातात. जत्रा प्रत्येक गावाची वेगळ्या तिथीला. आंगणेवाडीसारख्या ठिकाणी तर तारीख देवीच्या कौलाने ठरते. साऱ्या जिल्ह्याला एकच यादी लावली तर कित्येक गावांची जत्रा तिच्यात बसणारच नाही. आणि बसली तरी बाराला थांबायचं, जेव्हा पालखीही फिरून झालेली नसते. आवाजाची मर्यादा घाला, कर्ण्यावर बंदी घाला, पण गावाला आपल्या जत्रेच्या एका रात्रीची परवानगी वेगळी मिळाली पाहिजे. हे ग्रामसभेच्या ठरावाने मागता येईल.

लालबागचा चाकरमानी:
ठराव करा, गावाच्या मुंबईतल्या मंडळाकडून सह्या मी आणतो. दोन तासांच्या प्रयोगावरचं माझं मत मात्र बदललेलं नाही.

माडाखाली:
बदलू नका. मुंबईत भरवा, लेकीला दाखवा. फक्त तिथेही शंखासुराला दहा मिनिटं द्या. ती खुळावली ते बघून एवढं म्हणतो.

पेटारा:
दहा मिनिटांत शंखासुर होत नाही. तो नुसता बाकड्यावर बसायलाच तेवढी घेतो.

पखवाजवाल्याचा मुलगा:
हे मात्र खरं बोललात. स्पीकर बारके लावणार असाल तर माझा विरोध नाही. पण पखवाजासमोर माइक ठेवू नका, हात दिसला की कळतं कोण वाजवतोय आणि कोण मशीनवर चाललाय.

देवळाशेजारी:
ठरावाचा मसुदा कोण लिहिणार? आमच्या कमिटीची बैठक कार्तिकी एकादशीआधी असते. त्यात माझी तक्रारही जोडायची आहे, कर्ण्याचं तोंड कुठे होतं त्यासकट.