अकरावी-बारावीत क्लासखेरीज काय? मुंबईतल्या सोयींबद्दल विचारणा आणि उत्तरं

प्रेषक: जुने सभासद, सध्या मुलुंड

नमस्कार मंडळी,

लंडनजवळचं हॅरो सोडून आम्ही मुलुंडला परत आलो तेव्हा लेक आठवीत होती. आता ती आयसीएसईची दहावी देईल आणि अकरावी सायन्सला इथल्याच ज्युनियर कॉलेजात जाईल. तिच्या हॅरोच्या मैत्रिणी सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे तिकडच्या अकरावी-बारावीच्या तयारीला लागल्या आहेत. कुणी ईपीक्यू, म्हणजे स्वतः विषय निवडून करायचा संशोधन प्रकल्प करणार, कुणाचा ड्यूक ऑफ एडिंबरो अवॉर्ड चालू आहे. इथे मात्र जो भेटतो तो एकच विचारतो, ‘क्लास कुठला लावला?’

तिला जीवशास्त्र मनापासून आवडतं. गाणंही शिकते, गांधर्वची मध्यमा प्रथम झाली आहे. आपलं काहीतरी हुकतंय असं तिला वाटायला लागलंय आणि मला ते बघवत नाही. पदवीला कदाचित तिकडेच अर्ज करेल. मुंबईत या वयाच्या मुलांना काय करता येतं, आणि त्यातलं खरंच करण्याजोगं काय? जाणकारांनी कृपया लिहावं.

*

प्रेषक: जुन्या सभासद, सध्या दादर

नमस्कार,

ज्युनियर कॉलेजात मी बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सर्वांत आधी ऑलिम्पियाड. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मानखुर्दला आहे, म्हणजे तुमच्या घरापासून तासाभराच्या आत. टीआयएफआरचं, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं हे केंद्र १९७४ पासून चालू आहे आणि आंतरराष्ट्रीय विज्ञान ऑलिम्पियाडसाठी देशाचे संघ तिथेच तयार होतात. जीवशास्त्राची पहिली पायरी म्हणजे एनएसईबी. ही परीक्षा भौतिकशास्त्र शिक्षकांची संघटना, आयएपीटी, साधारण नोव्हेंबरात घेते. तिच्यातून वर आलेली मुलं पुढच्या राष्ट्रीय परीक्षेला बसतात आणि त्यांतली मोजकी मानखुर्दच्या शिबिराला जातात. शिबिरापर्यंत पोचणं कठीण आहे, तरी पहिल्या परीक्षेला बसावंच असं माझं मत. जुन्या प्रश्नपत्रिका केंद्राच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्यातला एक प्रश्न घेऊन लेकीला तासभर एकटं बसू द्या. क्लासच्या नोट्समध्ये न सापडणारं जीवशास्त्र तिला तिथे भेटेल.

शाळाशाळांतून पैसे भरून घेतात आणि वर्गातल्या निम्म्या मुलांना पदकं देतात त्या खासगी ‘ऑलिम्पियाड’चा याच्याशी काडीचा संबंध नाही. त्यांच्या नादी लागू नका.

ईपीक्यू या नावाची सोय एचएससीत नाही. आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळांत ४,००० शब्दांचा एक्स्टेंडेड एसे असतो, पण तो त्यांच्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे. मात्र आपल्या राज्य बोर्डाच्या अकरावी-बारावीत ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ हा विषय सक्तीचा आहे आणि त्यात प्रकल्प करावाच लागतो. बहुतेक मुलं तो बाजारातल्या तयार जर्नलमधून उतरवून काढतात. दोन वर्षांत मिळणारी याहून चांगली संधी मला दुसरी दिसत नाही, म्हणून या उतरवण्याचं मला फार वाईट वाटतं.

माझ्या एका विद्यार्थिनीने उतरवायला साफ नकार दिला होता. ओहोटीची वेळ बघून ती दादर चौपाटीवर जायची, वाळूवर सुतळीचा चौकोन आखायची आणि आतलं प्लास्टिक वेचून वर्तमानपत्रावर मांडायची. गुटख्याच्या पुड्या, कान साफ करायच्या काड्या, स्ट्रॉ, आणि सगळ्यांत जास्त काय, तर दुधाच्या पिशव्यांचे कात्रीने कापलेले इवलेसे कोपरे! पिशवी भंगारवाल्याकडे जाते, कोपरा मोरीतून थेट गटारात. काही आठवड्यांनी तिच्याच लक्षात आलं की आपण फक्त रविवारी मोजतोय, म्हणजे चौपाटीवरच्या गर्दीचा कचराही यात मिसळतोय. मग तिने मधल्या वाराचीही मोजणी सुरू केली आणि दोन्ही तक्ते शेजारी ठेवले. मुलं संशोधन शिकतात ती अशी. ईपीक्यूत तरी याहून वेगळं काय करून घेतात?

तुमच्या लेकीला विषय हवा असेल तर संजय गांधी उद्यान दाराशी आहे. गोरेगावला फिल्मसिटीलगत बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं) निसर्ग शिक्षण केंद्र आहे, तिथे एकदा घेऊन जा. चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषदेचं विज्ञान भवन आहे, तिथली व्याख्यानंही ऐकावीत.

ड्यूक ऑफ एडिंबरो अवॉर्ड भारतात ‘इंटरनॅशनल अवॉर्ड फॉर यंग पीपल’ या नावाने चालतो. तेच तीन टप्पे आणि तेच चार भाग: सेवा, कौशल्य, खेळ आणि साहसी प्रवास. ब्राँझला १४, सिल्व्हरला १५ आणि गोल्डला १६ वर्षं पूर्ण लागतात. नोंदणी शाळा-कॉलेजमार्फत होते, त्यामुळे कॉलेज निवडतानाच चौकशी करा. एनसीसीचंही तसंच. एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) निवासी शिबिर मुलांना आवडतं. जर्मनसाठी काळा घोड्याला मॅक्सम्युलर भवन आहे, पण भाषेला रोज वेळ द्यावा लागतो.

गाणं मात्र बंद करू नका, हात जोडून सांगते. दहावी आली की तानपुरा कपाटावर जातो आणि बहुतेक घरांत तो पुन्हा खाली येत नाही. मध्यमा पूर्ण अकरावीत सहज होईल.

हे सगळं एकदम करायला लावू नका. तिच्यासाठी मी गाणं आणि एक प्रकल्प एवढंच निवडलं असतं, आणि एनएसईबी त्या प्रकल्पाच्या वाचनातूनच दिली असती. पण त्यासाठी रिकामी संध्याकाळ लागते. ‘इंटिग्रेटेड’ कॉलेज घेतलंत, जिथे हजेरी नावापुरती आणि दिवसभर जेईई-नीटचा क्लास, तर वर लिहिलेलं सगळं विसरा.

*

प्रेषक: शिक्षण उपसमिती, हॅरो

काकूंच्या पत्राला पुरवणी जोडतो.

इकडे अर्ज करायचा असेल तर यूसीएएसचे, म्हणजे इकडच्या विद्यापीठांचे अर्ज घेणाऱ्या संस्थेचे गुण त्यांच्या यादीतल्याच परीक्षांना मिळतात. ईपीक्यूत ए स्टार मिळाला तर २८. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश मंडळांच्या संगीत परीक्षांना सहावी ग्रेड ते आठवी ग्रेड गुण असतात, आणि या दोन्ही परीक्षा मुंबईत देता येतात. पण केवळ गुणांसाठी मुलीला गांधर्वकडून तिकडे वळवू नका. बऱ्याच विद्यापीठांची ऑफर गुणांवर नसून विषयांतल्या ग्रेडवर असते.

२०२६ च्या प्रवेशापासून पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे अर्जासोबत स्वतःबद्दल लिहायचं निवेदन, तीन प्रश्नांत विभागलं आहे, एकूण मर्यादा ४,००० अक्षरं. तिसरा प्रश्न शिक्षणाबाहेर काय केलंत आणि ते का उपयोगी पडेल असा आहे. रविवार आणि मधल्या वाराचे तक्ते शेजारी का ठेवले, हे ज्या मुलीला सांगता येतं तिला तिथे लिहायला भरपूर आहे. प्रमाणपत्रांची नुसती नावं लिहिली तर पान लगेच संपतं. प्रकल्पाची वही, तारखा आणि फोटो पहिल्या दिवसापासून जपून ठेवायला सांगा.

*

प्रेषक: जुने सभासद, सध्या मुलुंड

काकू, दादा, मनापासून आभार. लेकीने दोन्ही पत्रं वाचली आणि दुधाच्या पिशवीपाशी थांबून आईला म्हणाली, ‘आजपासून कोपरा अर्धवटच कापायचा.’ प्रकल्पाचा विषय तिचा तीच शोधणार म्हणते.

एकच विचारायचं राहिलं. घरात दोन मतं आहेत. मी म्हणतो मुलुंड-ठाण्यातलं जवळचं कॉलेज, सौ. म्हणते माटुंग्याचं नावाजलेलं. फॉर्ममध्ये पहिलं माटुंगा टाकून बघायला काय हरकत आहे?

*

प्रेषक: जुन्या सभासद, सध्या दादर

हरकत आहे. केंद्रीय प्रवेशात पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद होतं. म्हणून ‘टाकून बघू’ असं पहिल्या पसंतीला करू नका. फॉर्म भरायच्या आधी एका कामाच्या दिवशी सकाळी सातच्या सुमाराला लेकीला घेऊन मुलुंडहून माटुंग्याला लोकलने जाऊन या, आणि पहिली पसंती तिला ठरवू द्या.