‘पापभीरू’, ‘बाधा’, ‘उपचार’ : ‘थेल्मा’ या चित्रपटाविषयी लिहिताना कोणते शब्द योग्य?

प्रश्न

योआकिम ट्रिअर यांच्या ‘थेल्मा’ (२०१७) या नॉर्वेजियन चित्रपटाचा परिचय मी एका फिल्म सोसायटीच्या पत्रिकेसाठी लिहीत आहे. अलौकिक भयपटाच्या चौकटीत समलिंगी ओळख आणि धार्मिक असहिष्णुता हे विषय हाताळणारे जे चित्रपट मी पाहिले, त्यांत हा मला सर्वांत संयत वाटला, आणि म्हणूनच त्याच्याविषयी लिहिताना शब्दही तोलून वापरावेत अशी इच्छा आहे. कथेचा गाभा सांगणारे वाक्य मी असे लिहिले आहे : ‘कर्मठ ख्रिस्ती कुटुंबातल्या थेल्माला आपल्या समलैंगिकतेची जाणीव होताच भूतबाधा होते आणि तिचे धर्मांध वडील तिच्यावर उपचार करतात.’ व्याकरणात काही खोट दिसत नाही, पण चित्रपट पाहिलेल्या एका मैत्रिणीने ते वाचून ‘हे तिच्या वडिलांनीच लिहिल्यासारखं वाटतं’ असा शेरा दिला. नेमका कोणता शब्द खटकतो आहे, आणि त्याऐवजी काय लिहावे?

प्रतिसाद

तुमच्या मैत्रिणीचा शेरा अचूक आहे. माझ्या मते पहिला दोष ‘भूतबाधा’ या शब्दाचा आहे. मराठीत बाधा नेहमी बाहेरून येते. विषबाधा होते, उन्हाची बाधा होते, भुताची बाधा होते, आणि प्रत्येक वेळी जिला ती होते ती व्यक्ती मुळात निरोगी होती व काहीतरी परके तिच्यात शिरले, असे आपण गृहीत धरतो. आपल्याकडे ‘तिला बाहेरचं आहे’ असे दबक्या आवाजात म्हणतात, त्यातही हेच गृहीतक आहे. एकदा बाहेरचे म्हटले की ते काढून टाकता येते, म्हणजे उतारा आला, अंगारा-धुपारा आला, गंडादोरा आला आणि भगताची छडीही आली.

या चित्रपटात बाहेरचे काहीच नाही, हे लक्षात घ्यायला हवे. ऑस्लोच्या विद्यापीठात नुकतीच दाखल झालेली थेल्मा वाचनालयात बसलेली असते, आन्या नावाची अनोळखी मुलगी शेजारच्या खुर्चीवर येऊन बसते, आणि थेल्माचा हात थरथरू लागतो. बाहेर पक्षी काचांवर येऊन आपटतात, आणि ती खुर्चीवरून कोसळते. पुढे ऑपेरागृहात, कार्यक्रम चालू असताना, आन्या अंधारात तिच्या मांडीवर हात ठेवते तेव्हा छताला टांगलेला अवजड भाग हलू लागतो. दोन्ही वेळा क्रम सारखाच आहे, म्हणजे आधी ओढ, मग ती दाबण्याची धडपड आणि मग भोवतालच्या जगाला बसलेला हादरा. जे उसळते ते तिचेच आहे आणि ते तिच्यात लहानपणापासून आहे. त्याला बाधा म्हटले की आपण नकळत असे सांगतो की हे प्रेमही तिचे नाही, तेही कुठून तरी लागले आहे. समलिंगी मुलांच्या घरात नेमके हेच वाक्य कितीदा उच्चारले जाते!

‘झपाटणे’ आणि ‘पछाडणे’ यांचीही अडचण हीच आहे. ‘झपाटणे’ला मात्र आता चांगला अर्थही आला आहे, कारण कामाने झपाटलेल्या माणसाचे आपण कौतुक करतो. ‘अंगात येणे’, ‘वारं येणे’, ‘संचार होणे’ हे शब्द वेगळ्या घरचे आहेत. तेथे येणारी देवी असते, जिच्या अंगात ती येते तिला तेवढ्यापुरता मान मिळतो, आणि जमलेले लोक तिला कौल विचारतात. थेल्माला कोणी कौल विचारत नाही, म्हणून तेही लागू पडत नाहीत.

झटक्यांपुरते बोलायचे तर ‘फेफरे’ आणि ‘अपस्मार’ दोन्ही टाळावेत. रुग्णालयात तिची तपासणी होते, डोक्याला तारा लावून मुद्दाम झटका आणला जातो, आणि हे अपस्माराचे नसून मानसजन्य झटके आहेत असे निदान होते. त्यामुळे नुसते ‘झटके’ पुरेसे आहे.

दुसरा प्रतिसाद

‘बाधा’बद्दल सहमत आहे, पण मला ‘कर्मठ’ अधिक खटकला. कर्मठ म्हणजे कर्मकांड काटेकोरपणे पाळणारा. सोवळे-ओवळे, स्पर्शास्पर्श, तिथी-वार, नैवेद्य हे आपल्या कर्मठपणाचे घटक आहेत आणि ते शरीराच्या बाहेरच्या शुद्धीशी बांधलेले आहेत. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरची जी धार्मिक परंपरा या कुटुंबामागे जाणवते तिची घडण जवळजवळ उलटी आहे. तेथे विधींचे स्तोम नाही, भर आहे तो अंतःकरणावर. हान्स नीलसेन हाउगे (१७७१–१८२४) हा शेतकऱ्याचा मुलगा गावोगाव फिरून प्रवचने करी. पाद्र्याच्या देखरेखीशिवाय धार्मिक सभा भरवण्यास १७४१च्या फर्मानाने मनाई होती, आणि ते मोडल्याबद्दल १८०४ पासून त्याची अनेक वर्षे कैदेत गेली. त्याच्यामागून उभ्या राहिलेल्या चळवळींनी दक्षिण आणि पश्चिम नॉर्वेत साधी प्रार्थनागृहे बांधली. दारू, नाच आणि पत्ते वर्ज्य असलेल्या या मंडळींची खरी मागणी मात्र मनाच्या आत पाहण्याची होती. एका सामान्य माणसाच्या विवेकाच्या बंडातून निघालेली परंपरा पुढे घराघरांत मुलांच्या विवेकावर पहारा ठेवू लागली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून थेल्माच्या घरात सोवळे नाही, पहारा आहे. आईवडील गावाकडून फोन करतात, तिचे तासांचे वेळापत्रक त्यांना पाठ असते, फेसबुकवर कोण नवे जोडले गेले तेही ते पाहतात. या घराला मराठीत एकच शब्द नेमका बसतो, तो म्हणजे ‘पापभीरू’. एरवी आपण हा शब्द सरळमार्गी, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेल्या माणसासाठी वापरतो. ‘भीरू’ म्हणजे भिणारा, हे आपण जवळजवळ विसरून गेलो आहोत. थेल्मा सांगते की ती लहान असताना वडिलांनी तिचा हात मेणबत्तीच्या ज्योतीवर धरला होता, नरकात सतत असेच वाटते हे तिला कळावे म्हणून. पापाचे भय बोटांच्या टोकांनी कसे शिकवले जाते, ते या एका आठवणीत पूर्ण सामावले आहे.

प्रश्नकर्तीचा खुलासा

‘पापभीरू’ मला पटतो, पण वाचक तो स्तुती म्हणून घेतील अशी भीती वाटते. ‘पापभीरू आईवडील’ असे वाचले की डोळ्यांसमोर निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांच्या पत्नी उभ्या राहतात. ‘धर्मांध’ मी मुद्दाम वापरला होता, कारण ज्या बापाने मुलीवर बंदूक रोखली त्याच्यासाठी त्याहून सौम्य शब्द मला सुचत नाही.

दुसऱ्या प्रतिसादकाचे उत्तर

स्तुती म्हणून घेतला गेला तर उत्तमच, कारण चित्रपटातील गावकऱ्यांनीही त्या कुटुंबाची स्तुतीच केली असती. फक्त मेणबत्तीचा प्रसंग त्याच परिच्छेदात येऊ द्या, म्हणजे शब्दातले भय आपोआप उघडे पडेल.

तिसरा प्रतिसाद

बंदुकीच्या प्रसंगाबद्दल थोडे थांबून बोलायला हवे. सुरुवातीला गोठलेल्या तळ्यावरून बापलेक जंगलात शिकारीला जातात, समोर हरीण दिसते, छोटी थेल्मा श्वास रोखून त्याच्याकडे पाहत असते, आणि तिच्या मागे उभा असलेला बाप नळी हळूच तिच्या डोक्याकडे वळवतो. गोळी सुटत नाही. तो असे का करतो ते बऱ्याच उशिरा कळते. तिच्या इच्छेने तान्हा भाऊ नाहीसा झाला होता आणि तळ्याच्या बर्फाखाली सापडला होता. म्हणजे त्या क्षणी बापाच्या हाती बंदूक दिली ती भीतीने आणि शोकाने, त्यात धर्माचा आवेश नाही. थेल्माचा हा बाप, त्रोंद, डॉक्टर आहे, हळू आवाजात बोलतो, आणि मुलीने दारू प्यायल्याची कबुली फोनवर दिली तेव्हा तिला समजूनही घेतो. ‘धर्मांध’ म्हटले की मराठी वाचकाला जमाव, घोषणा आणि दंगल आठवते. येथे असहिष्णुता मायेच्या आवाजात बोलते, आणि म्हणूनच ती मुलीच्या इतकी आत उतरते.

तुलनेसाठी रोझ ग्लास यांचा ‘सेंट मॉड’ (२०१९) पाहावा. तेथे समुद्रकाठच्या इंग्रज गावात एक शुश्रूषा करणारी तरुणी, आपल्या मरणासन्न रुग्ण स्त्रीचा आत्मा वाचवायला देवाने आपल्याला नेमले आहे असे मानते आणि त्या स्त्रीच्या प्रेयसीला दूर करू पाहते. तिच्यासाठी ‘धर्मवेड’ हा शब्द योग्य आहे, कारण तिची श्रद्धा तिचे भान हिरावून घेते. त्रोंदचे भान शेवटपर्यंत शाबूत आहे. त्याच्यासाठी ‘धर्मनिष्ठ’ एवढेच लिहावे आणि त्याची कृती सांगावी.

‘उपचार’ हा शब्द मात्र कृपा करून काढाच, किंवा अवतरणचिन्हांत घाला. घरी परत आणल्यावर तो तिला गुंगीची औषधे देतो, तिच्याकडून प्रार्थना करवून घेतो आणि बाहेर जाऊ देत नाही. उपचार म्हटले की आजार होता हे मान्य केल्यासारखे होते. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता रोगांच्या यादीतून १७ मे १९९० रोजी वगळली. भारतात मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये अशा ‘बदलण्याच्या’ प्रयत्नांना मनाई केली आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांसाठी तो व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला. नॉर्वेत २०२४ पासून त्याविरुद्ध कायदा लागू आहे. मराठी वर्तमानपत्रे यासाठी ‘कन्व्हर्जन थेरपी’ लिहितात. मी ‘लैंगिक कल बदलण्याची सक्ती’ असे लिहितो. ते लांबते खरे, पण त्यात कोण कोणावर काय करत आहे ते स्पष्ट राहते.

‘कबुली’ही जपून वापरावी. दारू प्यायल्याची कबुली ठीक आहे, कारण ती त्या घरात अपराध आहे आणि थेल्माही तसेच मानते. परंतु ‘समलिंगी असल्याची कबुली दिली’ हे बातम्यांतले नेहमीचे वाक्य माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते. ‘सांगितले’ पुरते.

चौथा प्रतिसाद

एका शब्दाचा उल्लेख अजून झालेला नाही, तो म्हणजे ‘वशीकरण’. मला हा चित्रपटातील सर्वांत क्रूर प्रसंग वाटतो. आन्याचे प्रेम खरे नाही, तुला ती हवी होती म्हणून तुझ्या शक्तीने तिला तुझ्याकडे ओढले, तिच्यापुढे पर्यायच नव्हता, असे वडील थेल्माला समजावून सांगतात. आपल्याकडे असाच आरोप ‘नादी लावले’, ‘फूस लावली’, ‘काहीतरी करणी केली’ या शब्दांत होतो, आणि दोन मुली घर सोडून गेल्या की तो हमखास कानावर येतो. दोघींपैकी एकीला गुन्हेगार आणि दुसरीला बळी ठरवले की दोघींनी परस्परांना निवडले ही शक्यता शिल्लक राहत नाही. चित्रपट या आरोपाचे सोपे खंडन करत नाही. आन्या खरोखर मोकळी आहे का, ही शंका शेवटच्या दृश्यातही उरते, आणि दिग्दर्शकाचे हे धैर्य मला मोलाचे वाटते. परिचयलेखात वडिलांचे म्हणणे सांगताना ‘वशीकरण’ जरूर वापरावा, पण निवेदकाच्या तोंडी तो येऊ देऊ नये.

‘समलैंगिकतेची जाणीव होताच’ हेही बदलावे असे सुचवतो. व्यक्तीसाठी ‘समलिंगी’ आणि संबंधांसाठी ‘समलैंगिक’ असा भेद बरेच जण पाळतात, तो उपयुक्त आहे. जुन्या लिखाणातला ‘समसंभोगी’ आता सोडून द्यावा, कारण तो सगळे आयुष्य एका कृतीत कोंबतो. पण येथे नामाची गरजच काय? तिला कुठल्या संज्ञेची जाणीव होत नाही, ती आन्याच्या प्रेमात पडते. मुलामुलीच्या कथेत ‘तिला भिन्नलैंगिकतेची जाणीव झाली’ असे आपण कधीही लिहिले नसते.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. वाक्य आता असे केले आहे : ‘पापभीरू ख्रिस्ती घरात वाढलेली थेल्मा ऑस्लोत आन्याच्या प्रेमात पडते, ते प्रेम दाबू पाहताना तिला झटके येऊ लागतात, लहानपणापासून तिच्यात दडपलेली अलौकिक शक्ती उसळून वर येते, आणि तिचे धर्मनिष्ठ डॉक्टर वडील तिला घरी आणून गुंगीत ठेवतात.’ पत्रिकेच्या संपादकांना मात्र शीर्षकात ‘चेटकीण’ हवे आहे. तो चालेल का?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

नवे वाक्य उत्तम आहे. ‘चेटकीण’ मी घेणार नाही. हा शब्द आरोप करणाऱ्याच्या तोंडचा आहे, आणि नॉर्वेच्या बाबतीत त्याला रक्ताचा इतिहास आहे. देशाच्या अगदी उत्तरेला, फिनमार्क प्रांतात, सतराव्या शतकात चेटकाच्या आरोपावरून ९१ जणांना ठार करण्यात आले, आणि वार्दे येथे २०११ मध्ये त्यांचे स्मारक उभारले गेले. शिवाय चेटूक ही शिकलेली विद्या असते, ते कोणीतरी कोणावर तरी करते. ‘सिद्धी’ही नको, कारण ती साधनेने मिळवावी लागते. थेल्माने काही शिकलेले नाही की मिळवलेले नाही. तिच्या आजीतही ही शक्ती होती आणि तिलाही औषधांनी गुंगीत ठेवण्यात आले. तेव्हा ‘उपजत’ हे विशेषण वाक्यात ‘अलौकिक’च्या आधी घालावे, आणि संपादकांना शीर्षकात भीतीचा शब्द हवाच असेल तर ‘पापभीरू’ तेथे द्यावा.