'रोज तासभर स्वतःसाठी काढा' म्हणणाऱ्यांना

रात्रपाळी:
परवा एका समुपदेशकांनी लिहिलं, 'ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलांच्या पालकांनी रोज तासभर स्वतःसाठी काढावा. ध्यान, फिरणं, छंद. आई आनंदी तर मूल आनंदी.' वाचून डोकं फिरलं. माझा लेक नऊ वर्षांचा, बोलत नाही. रात्री दीडला उठून नळ सोडतो, धारेखाली बोटं धरून बसतो. दाराला उंचावर कडी लावलीय, तर खुर्ची ओढून चढतो. मी टक्क जागी. हा तास कुठून काढू? आणि ते शेवटचं वाक्य! मूल बेचैन असेल तर खापर परत आईच्याच माथी.

उंबरठा:
तासाचं पटलं, पण सल्ला साफ मोडीत काढू नका. मीही झोपेचे असेच हाल केले. एकदा गाडी चालवताना डोळा लागला. मुलगी मागच्या सीटवर होती. थोडक्यात वाचलो. त्यानंतर आम्ही रात्री वाटून घेतल्या, एक आड एक.

रात्रपाळी:
वाटून घ्यायला दुसरं माणूस लागतं. मी एकटी आहे.

बाबा_हजर:
'आई, आई' वाचून कंटाळा आला. सहा वर्षं मुलाला थेरपीला मी नेतोय आणि आजही पहिला प्रश्न 'आई नाही आल्या?' घरचा अभ्यास बायकोच्याच फोनवर. म्हणजे तिला ओझं, मला हाकललेलं.

रात्रपाळी:
त्याची मुळं जुनी आहेत. १९४३ मध्ये बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनरनी ११ ऑटिस्टिक मुलांवर लिहिलं, त्यातच आईबापांच्या कोरडेपणाची नोंद होती. पुढे ऑटिझमवर लिहिणाऱ्या ब्रुनो बेटेलहाइमनी तर दोष आयांच्या थंडपणावरच ढकलला. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँडनी ते खोडून काढलं. ते मानसशास्त्रज्ञ होतेच, पण ऑटिस्टिक मुलाचे वडीलही होते.

पारवा:
मी स्वतः ऑटिस्टिक आहे, वय ३१. पालकांच्या तब्येतीचा विषय निघाला की आम्ही दरवेळी ओझं होतो. नळाचं पाणी त्याला शांत करत असेल, असं एकदाही वाटलं नाही? मला हात हलवू नकोस म्हणून वर्गात तळवे मांडीखाली दाबून बसायला लावायचे. १९९३ मध्ये जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक कार्यकर्त्यांनी पालकांना सांगितलं होतं की आमच्यासाठी शोक करू नका. अजून तेच चाललंय.

रात्रपाळी:
मी 'ओझं' म्हटलेलं नाही. तुम्ही भांडू तरी शकता. माझ्या लेकाला पोट दुखतंय हेसुद्धा सांगता येत नाही. त्याच्या वतीने बोलू नका.

पारवा:
बोलता येतं म्हणजे सगळं सोपं? शाळेतून आले की मी कपाटात अंधार करून बसायचे. आईला ते नाटक वाटायचं. तिचीही झोप होत नव्हती, हे आत्ता कळतं. तेव्हा तिला कुणी मदत केली असती तर माझे हात सुटले असते. तुमच्या बाजूचं म्हणून एवढंच मान्य करते.

उंबरठा:
दोघी थांबा. मूळ प्रश्न तासाचा होता.

बाबा_हजर:
तो तास आम्हाला भावजयीने दिला. 'काही लागलं तर सांगा' सगळेच म्हणतात. ती सहा रविवार आमच्याबरोबर बसली. मिक्सर लावण्याआधी त्याला हेडफोन द्यायचा, कान झाकले की प्रश्न विचारायचे नाहीत, चित्रकार्डांतलं 'पुरे' कुठलं, सगळं शिकली. सातव्या रविवारी आम्ही दोघं बाहेर पडलो आणि कोपऱ्यावर गाडी लावून गाढ झोपलो. छंदबिंद काही सुचला नाही.

रात्रपाळी:
असं माणूस हवं. शिकायला तयार असलेलं.
पारवा, काल रात्री मी त्याला नळावरून ओढलं नाही. शेजारी फरशीवर बसले. वीसेक मिनिटांनी त्यानेच नळ बंद केला आणि ओले हात माझ्या गालांना लावले. नळाचं तुमचं बरोबर होतं. बाकीचं अजून पटलेलं नाही.

पारवा:
बाकीचं नंतर भांडू. आज तो झोपला की तुम्हीही झोपा.